चहा नको म्हणायचं कसं आणि देवाचं बोलायचं कधी

सदर : अक्कांना विचारा

पत्र
अक्का, मी 28 वर्षांची आहे, रंकाळ्याजवळ राहते, गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत अकाउंट्सला टीम लीड आहे. आधी चार वर्षं हैदराबादला होते, तिथं मी बाप्तिस्मा घेतला, येशू ख्रिस्ताच्या उत्तरकालीन संतांचं चर्च, लोक ज्याला मॉर्मन म्हणतात ते. घरी माहीत आहे. पप्पा विषय काढत नाहीत, आई म्हणते दादाचं लग्न जमेपर्यंत गल्लीत कुणाला बोलू नकोस. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही, ऑफिसात मी ॲसिडिटी आहे म्हणून सांगते. परवा टीममधल्या एका मुलीच्या घरी गेले, तिच्या आईनं चहा आणला, मी नको म्हटलं, तर त्या कप घेऊन तशाच आत गेल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत. चर्चमध्ये सांगतात आपला विश्वास लोकांना सांगा, मलाही आतून वाटतं सांगावं. रोज स्टेटसला वचन टाकते. शनिवारी बिल्डिंगमधल्या पोरांची ट्यूशन घेते, तिथं एक प्रार्थनेचं गाणं शिकवलं तर शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, आमची पोरं बाटवू नकोस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शाळेपासूनची माझी मैत्रीण, तिचे वडील आयसीयूत होते तेव्हा मी तिला मॉर्मनचं पुस्तक दिलं, पुनरुत्थानाच्या ओळींखाली पेननं रेघा मारून. आठ दिवसांनी तिच्या भावानं ते पेपरात गुंडाळून आमच्या वॉचमनकडं ठेवलं. आता ती फोन उचलत नाही. मी चुकले का? का आता गप्पच बसू?
ता.क. आई विचारतीय गवती चहा तरी चालतो का.

उत्तर
पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला माझं लक्ष त्या आत गेलेल्या कपावरच अडकलं. पुस्तकाचं बोलू, ते मोठं आहेच, पण आधी कप.

चार वर्षं हैदराबादला राहून विसरलीस काय गं, आपल्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. त्यात हे कोल्हापूर. आपल्याच भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं होतं, शाळेत शिकलीच असशील. हा माणूस राजवाड्यावर पागेत कामाला, पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून वरच्या जातीच्या नोकरांनी त्याला बडवलं, शाहू महाराजांनी त्या नोकरांना धडा शिकवला आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. हॉटेल निघालं पण दलिताच्या हातचा चहा प्यायला कुत्रं फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवून प्यायला लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायला लागले, मग काय बिशाद आहे कुणाची. म्हणजे आपल्या गावात कुणाच्या घरचा चहा घेतला आणि कुणाच्या घरचा नाही घेतला याचा हिशोब शंभर वर्षांचा आहे. तुझ्या टीममधल्या मुलीचं आडनाव तू लिहिलं नाहीस आणि मी विचारणार पण नाही. पण त्या माऊलीला काय दिसलं ते बघ, लेकीची साहेबीण पहिल्यांदा घरी आली आणि तिनं कपाला हात लावला नाही. तू पाणी तरी प्यालीस का गं? ते पण लिहिलं नाहीस.

आता तुझा नियम मला कळला, खोटं नाही सांगत, पत्र आल्यावर पंधरा दिवस वाचत बसले होते आणि माझा एक भाचा नोकरीसाठी तीन वर्षं सॉल्ट लेक सिटीत होता त्याला फोन लावून दोन तास डोकं खाल्लं. 1833 साली तुमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना मिळालेलं वचन, दारू नको, तंबाखू नको, गरम पेयं नकोत, आणि गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी. 2019 मध्ये तुमच्या चर्चनं परत एकदा खुलासा केला की ग्रीन टी आणि आईस टी पण त्यातच धरा. ठीक आहे, नियम तो नियम. पण तो नियम कप समोर आल्यावर आठवून चालत नाही. उंबऱ्यातच सांगायचं, गॅस पेटायच्या आधी, "मावशी, चहा ठेवू नका बरं का, मी सोडलाय, देवाला शब्द दिलाय, पण तुमच्या हातची भाकरी-चटणी खाल्ल्याशिवाय आज उठत नाही." बघ मग काय होतं. चटणी-भाकरी, दही, ताक, दूध, भडंग, जे असेल ते माग आणि पोटभर खा. त्या घरी परत जा, याच आठवड्यात, आणि जाऊन नुसतं खा. सॉरी म्हण, कारण सांग, आणि खा. लेकीच्या देखत.

आणि हे ॲसिडिटीचं बंद कर. तुला विश्वास सांगायचाय म्हणतेस आणि रोज सकाळी अकरा वाजता किटलीवाला पोरगा टेबलाशी आला की तू विश्वास लपवतेस, आणि वरनं स्टेटसला वचन टाकतेस. माणसं वेडी नसतात गं. एक दिवस त्यांना खरं कळणार आणि मग म्हणणार ही पोरगी दीड वर्ष आमच्याशी खोटं बोलत होती, बाकी अजून काय काय लपवलं असेल. "माझ्या चर्चमध्ये चहा घेत नाहीत" हे पाच शब्द आहेत. तेवढे बोल आणि एक्सेल उघड. कुणी पुढं विचारलं तर पुढचं सांग, नाही विचारलं तर विषय संपला. माझा अंदाज आहे आठ दिवस चेष्टा होईल, मॅडमला दूध कट्ट्यावर न्या म्हणतील, तर जा की! गंगावेशला संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासभर, त्याला कुठलं वचन आड येत नाही.

आता कोल्हापुरी माणसाला नेम-व्रत कळत नाही असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातनं काढ. आमचे मामंजी माळकरी होते. आता माळकरी आणि तो पण आमच्या घरात म्हणजे विचार कर, दोन दीर तालमीतले, नणंदेचा नवरा मटणाशिवाय रविवार मानायचा नाही. गावाकडं म्हाई, म्हणजे जत्रेचं मटणाचं जेवण, असली की शंभर-दीडशे पानं उठायची आणि रश्श्याच्या हंड्याखाली जाळ घालायला कोण बसायचं, तर हे. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टॉवेल, डोळ्यात धूर, आणि लाकडं सारत बसलेत. मग सगळ्यांच्याच पंगतीत बसून पिठलं-भाकरी खायची. वाढपी पोरं मुद्दाम विचारायची, "नाना, रस्सा वाढू काय?" तर म्हणायचे, "वाढ की, शेजाऱ्याला." कधी नाक मुरडलं नाही, कधी माझी पंगत वेगळी काढा म्हटले नाहीत, कधी कुणाला मटण सोड म्हटले नाहीत. एकदा रात्री हंड्याजवळ बसले होते, आमच्यातलाच एकजण, प्यायचा खूप, त्यानं विचारलं नाना तुम्ही माळ का घातली. मी मसाल्याचं पातेलं धूत होते, मला ऐकू आलं. ते म्हणाले, "दारूनं घर बसलं होतं माझं, माळेनं उठवलं." एवढंच. आणि जाळ घालायला लागले. आमच्या घरात आजतागायत कुणी माळ घातलेली नाही, रविवारी मटण आहेच, पण नाना असेपर्यंत गल्लीत कुणाला दारू सोडायची असली की तो रात्री आमच्या दारात येऊन उभा राहायचा.

तुला हे सांगतेय कारण तुमच्याकडंही मोठी माणसं साधारण हेच बोललीत असं मला वाचताना दिसलं. तुमचे एक अध्यक्ष डेव्हिड मॅके यांनी 1959 मध्ये प्रत्येक सभासद हा मिशनरी अशी हाक दिली होती, तीच तुझ्या डोक्यात बसलेली दिसते आणि तू ती सेल्स टार्गेटसारखी घेतलीस. पण अलीकडचं ऐकशील तर प्रेम करा, सांगा, बोलवा अशी तीन पावलं सांगतात, आणि प्रेम पहिलं आहे त्यात. मिशनऱ्यांसाठीचं तुमचं जे हँडबुक आहे, 2004 मध्ये आलेलं आणि 2023 मध्ये नव्यानं केलेलं, त्यात सुद्धा असंच आहे की समोरच्यानं होकार दिला का नाही यावर तुमचं यश मोजू नका, प्रत्येकाला निवडायचं स्वातंत्र्य देवानं दिलंय. मग तू का मोजत बसलीस? लग्नपत्रिका देतो तसं एकदा मनापासून बोलवायचं, रविवारी ये गं माझ्याबरोबर, ब्रेड आणि पाण्यानं प्रभुभोजन असतं, पगारी पाद्री नसतो, आमच्यातलेच लोक उठून बोलतात. आली तर आली. नाही आली तर पत्रिका परत परत द्यायला जात नाही आपण.

स्टेटसचं सोप्पं आहे. रोज सकाळी माझ्या फोनवर गुलाबाच्या फुलांचे आणि स्वामींचे आणि सुविचारांचे मिळून चाळीसेक फोटो येतात, मी एकही वाचत नाही, तुझं वचन त्यातलं एकेचाळिसावं. त्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही दोन वेळचं जेवण सोडता आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देता, हे मला भाच्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं अरे हे तर भारी आहे, आम्ही एकादशीला उपास करतो आणि साबुदाण्याच्या खिचडीवर रोजच्या जेवणापेक्षा जास्त खर्च करतो! असलं काहीतरी सांग, तुझ्या शब्दात, कधीतरी, वाटेल तेव्हा. लोक उत्तर देतील.

ट्यूशनच्या बाबतीत मात्र काकूंची बाजू घेणार मी, रागवायचं तर रागव. पोरं गणिताला पाठवली होती. तुझं गाणं कितीही गोड असू दे, आईबापांना न विचारता दुसऱ्याच्या पोराला आपल्या देवाची प्रार्थना शिकवायची नाही, हे तुझ्या पोराला कुणी तुला न विचारता दुसरं काही शिकवलं तर तुला कसं वाटेल त्यावरनं ताड. काकूंचा शब्द वाईट होता, बाटवणं वगैरे, पण भीती खरी होती. जाऊन सांग, काकू चुकलं माझं, इथनं पुढं फक्त गणित. आणि असंच टीमचं. तू लीड आहेस, त्या दोघी-तिघींचं अप्रेझल तुझ्या हातात आहे, तू रविवारी ये म्हणालीस तर ती पोरगी नाही कशी म्हणणार? ज्याचा पगार किंवा रजा आपल्या सहीवर आहे त्याला आमंत्रण द्यायचंच नाही, त्यांनी आपणहून विचारलं तर उत्तर द्यायचं, बस. तसंच कुणाला पैशाची मदत केलीस तर त्या दिवशी देवाचं नाव काढू नको. घटनेचं कलम 25 तुला धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, पण सुप्रीम कोर्टानं 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस केसमध्ये स्पष्ट केलंय की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मदत घेऊन वाकलेल्या माणसाला हो म्हणायला लावलं तर ते हो कसलं.

बरं, आता पुस्तक.

तू विचारतेस मी चुकले का. होय, चुकलीस, आणि मला माहीत आहे की तू प्रेमानंच दिलंस. बाप आयसीयूत, बाहेर खुर्चीवर बसलेली पोरगी, तिचं डोकं बिलात आणि व्हेंटिलेटरच्या आवाजात, आणि तिची मैत्रीण येते आणि हातात काय ठेवते, तर मेल्यानंतर काय होतं त्याच्या रेघा मारलेल्या ओळी. तिनं ते कसं वाचलं असेल? तुझा बाप जाणार असं वाचलं असेल. शिवाय, पुनरुत्थानाचं वचन ही तुझी ठेव आहे, तुला त्यातनं धीर मिळाला म्हणून तुला वाटलं तिलाही मिळेल, पण धीर असा पार्सल करता येत नाही गं.

तुझ्याच पुस्तकात मोशायाचा अठरावा अध्याय काढ. बाप्तिस्मा घेताना काय काय कबूल करायचं ते तिथं आहे ना, एकमेकांची ओझी वाहायची, शोक करणाऱ्याबरोबर शोक करायचा, ज्याला धीर हवा त्याला धीर द्यायचा, आणि मग देवाचे साक्षीदार म्हणून उभं राहायचं. क्रम बघ. साक्ष शेवटी आहे. तू सुरुवातीचं सगळं सोडून डायरेक्ट साक्षीवर गेलीस. मी काय तुमच्या धर्मातली नाही, पण मला तो अध्याय वाचून आमचे नानाच आठवले.

तर फोन करू नको, ती उचलणार नाही. मेसेज टाक, लांबलचक नको, "त्या दिवशी मी चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट दिली. तुझ्या बाबांजवळ बसायला यायचं होतं, ते केलं नाही. शनिवारी दुपारी येते, बाबांजवळ बसते, तू आणि काकू झोपा." इतकंच. तिचे वडील घरी आलेत का अजून दवाखान्यात आहेत ते तू लिहिलं नाहीस, पण जिथं असतील तिथं शनिवारची दुपार कुणालातरी हवीच असते, औषधं आणायची असतात, बँकेत जायचं असतं, नुसती अंघोळ करायची असते. तिनं उत्तर दिलं नाही तरी डबा घेऊन जा. दारातनं परत पाठवलं तर डबा देऊन परत ये, पुढच्या शनिवारी परत जा. ट्यूशन सकाळी लाव. आणि त्या घरात ती स्वतः विचारत नाही तोपर्यंत धर्माचा ध सुद्धा काढायचा नाही, हे मनातल्या मनात नको, तिच्या तोंडावर सांग, म्हणजे तिला तू आलीस की पाठीला ताण येणार नाही.

तुला हेही कळायला पाहिजे की लोक गुगल करणार. मॉर्मन टाकलं की पहिलं काय येतं, चार-चार बायका. ऑफिसात कोण ना कोण हसत विचारणारच, तेव्हा लाल होऊन उठून जाऊ नको, सरळ सांग, होय, एकोणिसाव्या शतकात होतं, 1852 मध्ये त्यांनी उघड जाहीर केलं होतं आणि 1890 मध्ये बंद केलं, आता कुणी केलं तर चर्चमधनं काढतात. दुसरा प्रश्न कोल्हापुरात नक्की येणार आणि तो जास्त अवघड आहे, तुमच्यात जात आहे का. तेव्हा नाही म्हणून छाती फुगवू नको, कारण 1978 पर्यंत तुमच्या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना याजकपद देत नव्हते, ज्याला वाचायची सवय आहे तो हे काढणारच. ते चुकीचं होतं का, तुला त्याबद्दल काय वाटतं, हे आधी स्वतःशी ठरवून ठेव. जो माणूस आपल्या घरातली खोट आपणहून सांगतो त्याचं बाकीचं लोक ऐकून घेतात, शाहूंच्या गावात तर जास्तच.

नावाचं पण एक आहे. 2018 मध्ये तुमचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पण आपल्याकडं पूर्ण नाव घेईपर्यंत बस बिंदू चौकातनं सुटेल. तू "मी ख्रिस्ती आहे" म्हण, मग पुढचा विचारेल, म्हणजे वायल्डर मेमोरियलवाले का, तर सांग नाही, आमचं वेगळं. गंमत सांगते, ज्या रेव्हरंड वायल्डरच्या नावानं ते चर्च आहे ते मूळचे अमेरिकेतले, कोल्हापुरात आले 1852 मध्ये, आणि त्याच 1852 मध्ये तुमचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढं पुण्यापर्यंत येऊन प्रचार करत होता. वायल्डरचं काम इथं रुजलं, शाळा झाल्या, चर्च झालं. तुमचे लोक थोड्याच वर्षांत परत गेले. मला विचारशील तर ज्यांनी मुक्काम केला त्यांचंच टिकलं. बाकी इथले जुने ख्रिस्ती कधी तुला म्हणतील तुम्ही खरे ख्रिस्ती नाहीच, त्रैक्यावरनं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावरनं, वगैरे, तर त्या वादात पडू नको, नाताळला त्यांच्याकडनं करंज्या खाऊन ये.

घरचं. आई म्हणते दादाचं लग्न जमेपर्यंत गप्प बस. यात मी अर्धी आईबरोबर आहे, अर्धी नाही. गल्लीभर जाहीर करायची काही गरज नाही, पण स्थळ बघायला आलेल्या लोकांनी सरळ विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि हे दादाला आत्ताच सांगून ठेव, कारण लग्नानंतर कळलं तर येणाऱ्या पोरीला फसवल्यासारखं होतं. दादा काय म्हणतो ते तू लिहिलंच नाहीस, मला वाटतं तू त्याला विचारलंच नाहीस.

आणि पप्पा. पप्पांशी देवाचं बोलूच नको. त्यांच्याकडं एक वही घेऊन बस आणि विचार, पप्पा तुमच्या आजोबांच्या वडलांचं नाव काय. मला तुमच्या धर्मातलं सगळ्यात जे आवडलं ते हे, तुम्ही लोक खापर-खापर पणजोबांची नावं शोधता. आपल्याकडं सुगी झाली की बैलावर बसून हेळवी यायचा, आठवतो का, अंगणात बसून तुमच्या घराण्याच्या सात-आठ पिढ्या घडाघडा सांगायचा आणि पोतंभर धान्य घेऊन जायचा, माझ्या माहेरी तो आला की आमचे वडील शर्ट घालून बसायचे ऐकायला. तुमच्या युटामधल्या जिनिऑलॉजिकल सोसायटीनं तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्या सुद्धा मायक्रोफिल्म करून ठेवल्यात. पप्पांना हे सांग, बघ कसे खुलतात ते. दीड वर्ष ज्या विषयाला हात लावत नाहीत त्याच्या अगदी शेजारी येऊन बसतील आणि त्यांना कळणार पण नाही.

पण थांब, त्यांना कळलं पाहिजे. तुम्ही ही नावं कशाला गोळा करता, देवळात नेऊन त्या मेलेल्या माणसांच्या वतीनं बाप्तिस्मा घ्यायला, आणि त्या आत्म्यानं तो स्वीकारायचा का नाही ते त्याच्यावर, असं तुम्ही मानता. भारतातलं तुमचं पहिलं देऊळ बेंगळुरूला जाहीर झालं 2018 मध्ये, म्हणजे आज ना उद्या हा विषय येणारच. पप्पांच्या आज्याचं नाव त्यांना न सांगता कुठं द्यायचं नाही. तुमचाच नियम आहे की गेल्या 110 वर्षांत जन्मलेल्यांसाठी जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी घ्यायची, मी तर म्हणते त्याच्या आधीच्यांसाठी पण पप्पांना विचार. ते नाही म्हणाले तर नाही. वही तशीच घरात राहू दे, ती दादाच्या पोरांना उपयोगी पडेल.

तुमच्या तेरा विश्वास-सूत्रांमधलं अकरावं, 1842 सालचं, तुला पाठ असेल. आम्हाला आमच्या विवेकाप्रमाणं देवाची भक्ती करायचा हक्क हवा आणि तोच हक्क बाकी सगळ्यांना, त्यांनी कशी, कुठं, कशाचीही करो. कशाचीही यात आईची अंबाबाई पण आली आणि पप्पांचा जोतिबा पण. चैत्रात पप्पा डोंगरावरनं गुलालानं माखून आले की तू पाणी तापवून ठेवत होतीस ना लहानपणी, अजून ठेवतेस का? ठेव. प्रसाद खायचा का नाही ते तुझं तू प्रार्थना करून ठरव, त्यात मी पडणार नाही.

राहता राहिला आईचा प्रश्न. आईला सांग गवती चहा चालतो, त्याला नुसतं नावच चहाचं आहे, ते गवत, त्यात चहाची पत्ती नाही. दारात कुंडीत असेलच, नसेल तर पाच-सहा पात्यांची जुडी आण, कात्रीनं कापून पाण्यात उकळायची, आल्याचा तुकडा ठेचून, चार तुळशीची पानं, आणि साखर नको, आपल्याकडचा गूळ, गॅस बंद करून मगच दूध नाहीतर फाटतं. रंग बघितला तर चहासारखाच दिसतो. आईला बहुतेक तेच पाहिजे असणार, पाहुणे आले की सगळ्यांबरोबर तुझ्याही हातात कप दिसावा. तेवढं तिला करू दे. एखादी पाहुणी वास घेऊन विचारेलच, वहिनी हे काय घातलंय, पत्ती बदलली काय, आणि मग आई काय सांगते ते तू आत स्वयंपाकघरात उभी राहून ऐक, बाहेर येऊन मध्ये बोलू नको.

अक्का